स्वस्त औषधाची टंचाई

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन माझ्या घरीं आली. चिखलीहून निघून निगडी, चिंचवड, पिंपरी असें करीत ती त्या दिवशीं सात औषधांच्या दुकानांतून हिंडली होती. तिच्या हातांत रुग्णालयाचें एक कार्ड होतें व त्यावर तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानें तारखा लिहिलेल्या होत्या. त्या दिवसाची तारीख कार्डावर होती; इंजेक्शन मात्र कोठेंच नव्हतें. एका दुकानदारानें "वरूनच माल येत नाहीं" असें सांगितलें, दुसऱ्यानें "हल्लीं कोणी ठेवीत नाहीं, त्यांत सुटतें काय?" असें विचारलें, आणि बाकीच्यांनीं नुसती मान हलविली. औषध महाग असल्यामुळें तें अडलें असतें, तर तिनें उसनेपासने करून तें घेतलें असतें. परंतु त्या दिवशीं तिला रिक्षाला जेवढे पैसे पडले त्याहूनहि त्या औषधाची किंमत कमी होती.

चहाचा पेला तसाच बाजूला ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, पेनिसिलीनचा कारखाना तर आपल्या पिंपरीलाच ना? मग पिंपरींतच तें मिळत कसें नाहीं?"

हा प्रश्न मला चांगलाच लागला. कारण चौथीच्या वर्गांत पुणें जिल्ह्याचा भूगोल शिकवितांना "पिंपरी येथें पेनिसिलीनचा कारखाना आहे" हें वाक्य मींच तिच्याकडून पाठ करून घेतलें होतें. तिला त्या दिवशीं मीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. आज जें बोलणार आहें तें त्या अपुऱ्या उत्तराची पुरवणी आहे, असें समजावें.

मुलाला झालेला विकार आपल्याकडे नवा नाहीं. लहानपणीं घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. कांहीं दिवसांनीं मूल पुन्हां खेळूं लागतें आणि आईबाप तें दुखणें विसरून जातात. परंतु घशांत शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस नांवाच्या जंतूशीं लढतां लढतां शरीर चुकून आपल्याच हृदयाच्या झडपांवर घाव घालतें, आणि असा ताप पुन्हां उलटला कीं ती इजा वाढत जाते. डॉक्टर ह्यास ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. पांच ते पंधरा हें त्याचें आवडतें वय, आणि जेथें एका खोलींत सहा माणसें निजतात ती वस्ती ही त्याची आवडती जागा. झडप एकदां आकसली कीं गोळ्यांनीं ती पूर्ववत् होत नाहीं. तेव्हां खरा उपाय हाच, कीं त्या जंतूला पुन्हां घशांत ठाणें देऊं नये. त्यासाठीं बेंझाथिन पेनिसिलीन हें औषध दर तीन आठवड्यांनीं स्नायूंत टोंचतात. तें तेथें सांचून राहतें आणि थोडें थोडें रक्तांत उतरत जातें. हा क्रम महिना-दोन महिने नव्हे, तर दहा दहा वर्षें, आणि कित्येकांच्या बाबतींत त्याहूनहि अधिक काळ चालवावा लागतो. एखादी टोंचणी चुकली तर त्या दिवशीं कांहींच होत नाहीं; मूल जेवतें, खेळतें, शाळेंत जातें. त्यामुळें ह्या टंचाईचा गवगवा होत नाहीं. रुग्णालयाच्या दारांत रांग लागत नाहीं आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र येत नाहीं.

आतां कारखान्याविषयीं. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

पेनिसिलीनच्या आधीं आपल्या देशांत ज्या औषधाच्या टंचाईनें हाहाकार उडविला तें औषध म्हणजे कोयनेल. हिवतापावर त्या काळीं दुसरा भरंवशाचा उपाय नव्हता. इंग्रज सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निलगिरींत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोना झाडाचे मळे लावले, सरकारी कारखान्यांत त्याच्या सालीपासून कोयनेल काढलें, आणि १८९२ सालापासून बंगालमध्यें टपालकचेरींतून पैशाला एक पुडी अशा दरानें तें विकावयास आरंभ केला. परकी सरकारचे गुण गाण्याचा माझा हेतु नाहीं. पण औषध स्वतः पिकवावें, स्वतः बनवावें आणि जेथें दुकान नाहीं तेथें पोस्टमास्तरच्या हातून विकावें, ही योजना ज्याच्या डोक्यांतून निघाली त्याला टंचाई म्हणजे काय हें कळलें होतें. तिच्यांत उणीव होती ती प्रमाणाची. मळे देशाच्या गरजेच्या मानानें फार लहान होते व बाकीची गरज जावा बेटांतील मालावर भागत असे. १९४२ सालीं जपाननें जावा घेतलें आणि जगांतील बहुतेक सगळें कोयनेल एका आठवड्यांत शत्रूच्या हातीं गेलें. पुढच्या वर्षीं बंगालमध्यें दुष्काळाच्या पाठोपाठ हिवताप आला, तेव्हां कोयनेल काळ्या बाजारांत गेलें होतें. त्या वेळीं औषधांचा कायदा नव्हता असें नाहीं. कर्नल चोपडा ह्यांच्या समितीनें १९३०-३१ मध्यें चौकशी करून ठेवली होती व तिच्यावरून १९४० चा औषध कायदा झालाहि होता. पण तो कायदा औषध खरें कीं खोटें हें पाहणारा; औषध आहे कीं नाहीं हें पाहणारा नव्हे. ही त्रुटि लक्षांत ठेवावी, कारण पुढें तीच पुन्हां आड येणार आहे.

पेनिसिलीनची गोष्ट ह्याच युद्धांतली. फ्लेमिंगला ती बुरशी १९२८ सालीं दिसली. फ्लोरी आणि चेन ह्यांनीं ऑक्सफर्डमध्यें तिच्यापासून औषध केलें. आणि अमेरिकेंत मोठमोठ्या पिंपांतून ती आंबविण्याची युक्ति साधल्यावर तें मुबलक झालें. आपल्याकडे मात्र तें परदेशांतून येणार, जेवढें येईल तेवढें, आणि ज्याला परवडेल त्याला. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख साहिबसिंग सोखी हे स्वतः लष्करी डॉक्टर. अशीं औषधें देशानें सरकारी भांडवलावर स्वतः बनविलीं पाहिजेत, असा आग्रह त्यांनीं धरला. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें तज्ज्ञ दिले, युनिसेफनें यंत्रें दिलीं, आणि १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्यें पेनिसिलीन बाहेर पडूं लागलें. औषधांच्या धंद्यांत भारत सरकारनें घातलेला हा पहिला कारखाना होय.

तेव्हां पिंपरी म्हणजे रेल्वेचें एक लहान स्टेशन, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी आणि भोंवतालीं ज्वारीचीं शेतें. आजची ही सगळी औद्योगिक नगरी, भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेली, मोटारींनीं गजबजलेली, तिच्या मुळाशीं जे पहिले मोठे कारखाने आहेत त्यांतला एक बुरशीचा आहे, हें आतांच्या तरुणांना सांगितलें तर खरें वाटत नाहीं. पुढें तेथें क्षयावरचें स्ट्रेप्टोमायसिनहि होऊं लागलें. डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथल्याच प्रयोगशाळेंत बुरशीजन्य रोगांवरचें हॅमायसिन शोधून काढलें, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून तें मिळालें त्याच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव गोंविलें. लॅटिन भाषेंत शिरलेलीं महाराष्ट्रांतील गांवें फार नसतील.

मग हें सारें गेलें कोठें? बुडालें असें म्हणावें तर कारखाना आजहि जागेवर आहे. परंतु पेनिसिलीनचें मूळ द्रव्य आंबविण्याचें तेथलें काम केव्हांच थांबलें. १९९७ सालीं ती कंपनी आजारी उद्योगांच्या यादींत गेली, आणि २०१६ च्या डिसेंबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें तिची जास्तीची जमीन विकून देणीं भागविण्याचें व पुढें कंपनीच विकण्याचें धोरण मंजूर केलें. सरकारी कारभाराची सुस्ती ह्याला कांहीं अंशीं कारण आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु खाजगी कारखानेहि टिकले नाहींत, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. गुजरातेंत आणि मद्रासेकडे पेनिसिलीन बनविणारे खाजगी कारखाने होते. तेहि एकामागून एक बंद झाले. चीननें प्रचंड प्रमाणावर उत्पादन करून मूळ द्रव्याचा भाव इतका खालीं आणला, कीं येथें आंबवीत बसण्यापेक्षां तिकडून पिंपें आणून येथें कुप्या भरणें सर्वांना सोयीचें वाटलें. आज आपण औषधांसाठीं जें मूळ द्रव्य परदेशांतून आणतों त्यापैकीं सुमारें दोन तृतीयांश चीनकडून येतें. जावा बेटाची जागा आतां दुसऱ्या देशानें घेतली, एवढाच फरक.

येथवरचें सारें बाजाराचें झालें. आतां नियमनाचें पाहूं, कारण दुकानदारानें विचारलेल्या "सुटतें काय?" ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे.

औषधांच्या किंमतींवर सरकारनें प्रथम हात घातला तो चिनी आक्रमणानंतर, १९६२-६३ मध्यें. त्याची गरज होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीनें, कांहीं अँटिबायॉटिक औषधांच्या किंमती भारतांत जगांतल्या सर्वाधिक किंमतींपैकीं आहेत, असा शेरा मारला होता. गरीब देश आणि सर्वांत महाग औषध! १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधावरची मक्तेदारी मोडली व केवळ बनविण्याच्या रीतीवर हक्क ठेवला. त्याच वर्षीं किंमतनियंत्रणाचा पहिला सविस्तर हुकूम निघाला. ह्या दोन गोष्टींच्या आधारावर आपला औषधांचा धंदा वाढला व औषधें स्वस्त झालीं. १९७९ च्या हुकमाखालीं ३४७ मूळ द्रव्यें होतीं, १९९५ च्या हुकमाखालीं ७४ उरलीं. १९९७ मध्यें राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण स्थापन झालें. २०१३ पासून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीवरून कमाल किंमत ठरते. ज्या कंपन्यांचा त्या औषधाच्या विक्रींत एक टक्का किंवा अधिक वांटा आहे त्यांच्या किंमतींची सरासरी काढावयाची, त्यांत दुकानदारासाठीं सोळा टक्के मिळवावयाचे, आणि मग दर वर्षीं घाऊक किंमतींच्या निर्देशांकाप्रमाणें ती थोडी वर-खालीं करावयाची.

शाळामास्तराच्या खोडीप्रमाणें मी येथें एक गणित घालतों. आंकडे कल्पित आहेत. रीत तेवढी खरी आहे. समजा, एका कुपीची कमाल किंमत दहा रुपये आहे, आणि दुकानदाराचें कमिशन बाजूला ठेवून तिला बनविणाऱ्यास आठ रुपये खर्च येतो. परदेशांतील मूळ द्रव्य महागलें, रुपयाचा भाव उतरला, आणि खर्च अकरा रुपयांवर गेला. निर्देशांक चार टक्क्यांनीं वाढला म्हणून कमाल किंमत दहा रुपये चाळीस पैसे झाली. आतां प्रत्येक कुपीमागें साठ पैसे तोटा. कारखानदार लबाड असेल तर मालांत खोट करील. तो प्रामाणिक असेल तर त्याच यंत्रावर दुसरें, नियंत्रणाबाहेरचें औषध भरूं लागेल. कायदा मोडला असें म्हणावें तर कोणींच मोडला नाहीं. किंमत जेथल्या तेथें आहे, ती कागदावर छापलेली आहे, आणि औषध तेवढें नाहींसें झालें आहे. महाग औषधाच्या बाबतींत असें सहसा होत नाहीं, कारण त्यांत नफ्याला वाव असतो. मार बसतो तो सर्वांत जुन्या, सर्वांत स्वस्त आणि गरिबांच्या सर्वांत उपयोगी पडणाऱ्या औषधांना.

हें माझें तर्कट नव्हे. प्राधिकरणानें स्वतःच हें मान्य केलें आहे. २०१३ च्या हुकमांत एकोणिसावें कलम आहे, त्याखालीं लोकहितार्थ किंमत कमी करतां येते तशी वाढवितांहि येते. डिसेंबर २०१९ मध्यें ह्या कलमाखालीं एकवीस औषधप्रकारांच्या किंमती पन्नास टक्क्यांनीं वाढविण्यांत आल्या. २०२१ मध्यें आणखी कांहींच्या. आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या. खर्च परवडत नाहीं, आम्हांला उत्पादन थांबवूं द्या, असे अर्ज कारखानदारांकडून आले होते. त्या आठांत दम्यावरचें साल्ब्युटामॉल आहे, मनोविकारावरचें लिथियम आहे, आणि बेंझिल पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसिन हीं दोन आहेत. पिंपरीच्या कारखान्याचीं हीं दोन्ही जुनीं अपत्यें त्या यादींत शेजारीं-शेजारीं वाचून मला जें वाटलें तें सांगत बसत नाहीं.

ह्यावरून किंमती मोकळ्या सोडाव्यात असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांत मी नाहीं. मोकळ्या किंमतींचा काळ आपल्या वडिलांनीं पाहिलेला आहे. माझें म्हणणें इतकेंच, कीं किंमतीला बांध घालणाऱ्यानें पाण्याकडेहि पाहिलें पाहिजे. किंमत वाढवून देण्याचा निर्णय अर्ज आल्यावर, कुप्या संपल्यावर कां व्हावा? मूळ द्रव्याचे आयातभाव सरकारच्याच जकातखात्यांत रोज नोंदले जातात. जें औषध एका-दोघां कारखानदारांवर अवलंबून आहे आणि ज्याचें मूळ द्रव्य एकाच देशांतून येतें त्याचा हिशेब दर तिमाहीस पाहावा, आणि किंमत चार आण्यांनीं वाढवून भागत असेल तर ती वेळींच वाढवावी. रुपयाभरानें महागलेलें इंजेक्शन त्या आईला परवडलें असतें. सात दुकानांची पायपीट परवडली नाहीं.

त्याच हुकमांत एकविसावें कलम आहे, आणि मला तें किंमतीच्या कलमांहून अधिक महत्त्वाचें वाटतें. अत्यावश्यक औषध बंद करूं इच्छिणाऱ्या कारखानदारानें सहा महिने आधीं जाहीर नोटीस दिली पाहिजे व सरकारला कळविलें पाहिजे. आणि सरकारला वाटल्यास तें त्याला आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवावयास लावूं शकतें. कलम चांगलें आहे. परंतु कारखाना बंद न करतां उत्पादन हळूहळू निम्म्यावर, चतुर्थांशावर आणणाराचें काय? आणि ती नोटीस वाचतो कोण? अमेरिकेंतील औषध प्रशासन कोणत्या औषधाचा तुटवडा आहे, कशामुळें आहे, ह्याची यादी सर्वांना पाहतां येईल अशी प्रसिद्ध करतें. आपल्याकडे पावसाचें रोजचें मान आकाशवाणीवरून सांगतात, बाजारभाव सांगतात. कोणतें जीवनावश्यक औषध कोणत्या जिल्ह्यांत कमी पडलें आहे व तें कोठें मिळेल, हें सांगावयास काय हरकत आहे? दुकानदारानें "नाहीं" म्हणून मान हलविल्यावर ती गोष्ट तेथेंच संपते, कोणाच्या वहींत तिची नोंद होत नाहीं, हें मला ह्या सगळ्यांतलें सर्वांत मोठें वैगुण्य वाटतें.

सरकारनें मनावर घेतल्यास काय होऊं शकतें आणि काय होऊं शकत नाहीं, हें आपण २०२१ च्या उन्हाळ्यांत ह्याच पट्ट्यांत पाहिलें. प्राणवायु हेंहि कायद्यानें औषधच आहे व अत्यावश्यक यादींत त्याचें नांव आहे. चाकणच्या औद्योगिक वसाहतींत प्राणवायूचे कारखाने आहेत. त्यांचा बराचसा माल एरव्हीं लोखंड कापावयास आणि जोडावयास जाई. करोनाची दुसरी लाट आली तेव्हां मार्चअखेर महाराष्ट्र शासनानें ऐंशी टक्के प्राणवायु रुग्णालयांसाठीं राखण्याचा हुकूम काढला, आणि एप्रिलमध्यें केंद्रानें कांहीं थोडे उद्योग वगळून कारखान्यांचा पुरवठा बंदच केला. भोसरीचीं लहान वर्कशॉपें थंड पडलीं. त्यांचें नुकसान झालें. त्यांच्या वांट्याचा प्राणवायु रुग्णालयांच्या टाक्यांत गेला. तुटवडा संपला नाहीं. पण हुकमानें वळविण्याजोगें कांहींतरी जवळ होतें.

रेमडेसिविरची गोष्ट उलट झाली. रुग्ण घटले म्हणून कारखानदारांनीं हिंवाळ्यांत उत्पादन आटोपतें घेतलें होतें. एप्रिलमध्यें निर्यातबंदी झाली, किंमती उतरविल्या गेल्या, वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हातीं आलें. आणि तरीहि पुण्यांत लोक दुकानांपुढें रात्र-रात्र उभे राहिले. नसलेली वस्तु हुकमानें वांटतां येत नाहीं. महिन्याला सुमारें एकोणचाळीस लाख कुप्यांची असलेली उत्पादनशक्ति एक कोटीच्या पलीकडे गेली खरी, पण तोंपर्यंत लाट ओसरत आली होती. आणखी एक गोष्ट बोलून टाकतों. रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांना हें औषध देण्याची शिफारस करतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें आधींच, नोव्हेंबर २०२० मध्यें सांगितलेलें होतें. म्हणजे त्या टंचाईचा कांहीं भाग कारखान्यांतून आला आणि कांहीं भाग चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या लेखणींतून.

बेंझाथिन पेनिसिलीनची टंचाई मात्र केवळ आपल्या घरची नाहीं. २०१६ सालीं जागतिक आरोग्य परिषदेंत तिची चर्चा झाली होती. मूळ द्रव्य बनविणारे जगांत मोजकेच, आणि औषध इतकें स्वस्त, कीं कोणास त्यांत शिरावेंसें वाटत नाहीं. अशा वस्तूला ठरलेलें गिऱ्हाईक लागतें, आणि तें गिऱ्हाईक सरकारच होऊं शकतें.

येथें महाराष्ट्रानें तामिळनाडूकडे पाहावें. त्या राज्यानें १९९४ सालीं औषधखरेदीसाठीं स्वतंत्र महामंडळ काढलें. जिल्ह्या-जिल्ह्यांत त्याचीं कोठारें आहेत. प्रत्येक सरकारी दवाखान्याला बँकेच्या पासबुकासारखें एक पुस्तक दिलेलें असतें. त्यांत वर्षाची रक्कम मांडलेली असते, आणि दवाखान्यानें लागेल तेव्हां कोठारांतून लागेल तें औषध उचलावें, रक्कम वजा व्हावी. कोठें काय खपतें हें त्यावरून रोज कळतें आणि साठा आटण्यापूर्वीं मागणी जाते. आपण २०१७ सालीं सगळी सरकारी औषधखरेदी हाफकिनच्या औषधमंडळाकडे सोंपविली. प्लेगच्या लशीपासून चालत आलेल्या त्या नामांकित घराण्यावर निविदा काढीत बसण्याचें काम पडलें, आणि विलंबाच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्यें वेगळें खरेदी प्राधिकरण करावें लागलें. नवें प्राधिकरण आहे. त्याला अवधि दिला पाहिजे. परंतु ऱ्हुमॅटिक तापाचीं मुलें जिल्हावार मोजतां येतात, प्रत्येकास वर्षाला सतरा-अठरा कुप्या लागतात, म्हणजे राज्याची वर्षाची गरज कोणाहि चौथीच्या विद्यार्थ्याला गुणाकारानें काढतां येईल. ती तीन-चार वर्षांसाठीं आगाऊ सांगून, परवडेल असा भाव ठरवून, दोन निरनिराळ्या कारखानदारांकडे मागणी नोंदविली तर हें औषध बाजारांतून नाहींसें होण्याचें कारण उरत नाहीं.

मूळ द्रव्याच्या बाबतींत थोडी आशा वाटावी असें घडलें आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें ६,९४० कोटि रुपयांची योजना काढून, परदेशावर अवलंबून असलेलीं मूळ द्रव्यें देशांत बनविणाऱ्यांस उत्पादनाच्या प्रमाणांत साहाय्य देऊं केलें. तिच्याखालीं आंध्रांत काकिनाड्याजवळ पेनिसिलीनचें मूळ द्रव्य आंबविणारा मोठा खाजगी कारखाना २०२४ मध्यें सुरू झाला. म्हणजे जें पिंपरीनें १९५५ सालीं केलें तें देशानें पुन्हां पहिल्यापासून केलें. चीननें पुन्हां भाव पाडले तर त्या कारखान्याचेंहि तेंच होईल कीं काय, ही शंका मला सोडीत नाहीं. साहाय्याची मुदत संपल्यावर त्याचा माल कोण घेणार, हें आजच ठरलें पाहिजे. आणि पिंपरीची जमीन विकावयाची असेल तर खुशाल विकावी. पण औषधाच्या कुप्या भरण्याची जी विद्या तेथें सत्तर वर्षें आहे ती जमिनीच्या भावांत मोजूं नये. खाजगी कारखानदार ज्यांत हात घालीत नाहींत अशीं पांच-दहा स्वस्त औषधें, नफ्याची अपेक्षा न धरतां, सरकारनें स्वतः भरून ठेवावींत. पैशाच्या पुडीचें कोयनेल विकणाऱ्या सरकारला जें सुचलें तें आपल्याला सुचूं नये असें नाहीं.

त्या मुलाचें पुढें काय झालें, हें आपण विचाराल. दुसऱ्या दिवशीं माझ्या एका परिचित कंपाउंडरानें पुण्यांतील एका धर्मादाय रुग्णालयांत दोन कुप्या असल्याचें कळविलें. आई रजा टाकून तिकडे गेली. एक कुपी त्याच दिवशीं टोंचली. दुसरी पुढच्या खेपेसाठीं राखून ठेवावी असें तेथल्या परिचारिकेनें सांगितलें व कार्डावर तशी खूण केली. तेव्हांपासून तारखेच्या आठ दिवस आधींपासूनच ती शोधास लागते. गेल्या खेपेस इंजेक्शन पहिल्याच दुकानांत मिळालें. त्याच्या आधींच्या खेपेस चार दिवस उशीर झाला होता.